सासूबाईंच्या केकचा ‘कप’ केवढा? (आणि ‘क.तु.’ म्हणजे काय?)

रविवारचा_ओटा

नमस्कार मंडळी,

प्रश्न तसा साधा आहे, पण आमच्या घरात त्यावरून तीन आठवडे चर्चासत्र चालू आहे. शेवटी म्हटलं, इथे विचारावं.

माळा आवरताना सासऱ्यांची एक वही सापडली. हिशेबाची असते तशी लांबट, पुठ्ठ्याच्या कव्हरची, वर निळ्या शाईत एकच शब्द: ‘केक’. आता गंमत अशी की बाबांनी (सासऱ्यांनी) आयुष्यात एकदाही केक केला नाही. केक करायच्या सासूबाई. महिन्यातून एकदा, बहुतेक रविवारी. बाबा खायचे आणि लिहायचे. १९८३ ते १९९६ अशा एकूण १४३ नोंदी आहेत. नवऱ्याने बोट ठेवून मोजल्या.

पहिल्या पानावर कृती आहे. पुढे सगळे रकानेच. तारीख, किती मिनिटं लागली, शेरा, आणि शेवटच्या रकान्यावर नुसतं ‘क.तु.’.

शेरे वाचताना मी माळ्याच्या शिडीवरच बसून राहिले. ‘चीर सरळ. उत्तम.’ ‘चीर वाकडी. चवीत फरक नाही.’ ‘झाकण लवकर उघडले (मी). मधोमध बसला.’ ‘खालून करपला. पत्ते रंगले होते.’ ‘थंडी. अंडी कोमट पाण्यात ठेवावी लागली.’ आणि चार ठिकाणी फक्त एवढंच: ‘काही बोललो नाही.’ त्या चार रविवारी केकचं काय झालं असेल ते समजून घ्या.

कृती अशी, बाबांच्याच शब्दांत:

‘अंडी ३. साखर १ कप. लोणी पाऊण कप. मैदा दीड कप. बेकिंग पावडर दीड लहान चमचा. मीठ चिमूट. दूध लागेल तसे. मध्यम आच. मिश्रण झाल्यावर वेळ घालवू नये.’

यातला ‘कप’ म्हणजे आईंचा (सासूबाईंचा) चिनीमातीचा पांढरा कप, निळ्या रेघेचा. तो कधीतरी फुटला, पण त्यांनी तुकडे टाकले नाहीत. बटणांच्या डब्यात जपून ठेवले होते. नवऱ्याने मागच्या महिन्यात ते जोडले. कान नाही, एक टवका गायब, आणि पाणी भरलं की सांध्यांतून झिरपतं. मग मी आपला बाजारी मापांच्या संचातला २४० मिलीचा कप घेतला. केकचा डबा मात्र जुनाच, ब्रेडसारखा लांबट, ८ बाय ४ इंचांचा, अडीच इंच खोल, एका कोपऱ्यात पोचा आलेला.

केक डब्याबाहेर आला. बाहेर म्हणजे अक्षरशः. कुत्र्याच्या छत्रीसारखा वर फुगला, दोन लोंढे ओव्हनच्या तळाशी जाऊन जळले, आणि दुसऱ्या दिवशी सुरी लावली तर चुरा. ओव्हन नवीन आहे, पंख्याचा. १८० अंशांवर ४० मिनिटं ठेवला, कारण वहीत जिथे तिथे ४० मिनिटंच लिहिली आहेत. जुना ओव्हन गोल होता, अल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी, तळाशी कॉइल. तापमान बिपमान काही नाही, ‘कमी’ आणि ‘जास्त’ एवढंच. तो कधीच भंगारात गेला.

तुम्ही म्हणाल, सासूबाईंनाच का नाही विचारत? विचारलं हो. वय ७९, तब्येत ठणठणीत, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी. कप केवढा? ‘अगं, डोळ्याला दिसेल तेवढा.’ दूध किती? ‘मागेल तेवढं.’ ओव्हनमध्ये किती वेळ? ‘होईपर्यंत.’

तर तो कप किती मिलीचा असेल हे कसं काढू? नव्या ओव्हनमध्ये काय बदलू? आणि वहीची पानं सुटायला लागली आहेत, लोण्याचे डाग आहेत, तर लॅमिनेशन करून घ्यावं का?

आणि क.तु. म्हणजे काय? त्या रकान्यात प्रत्येक ओळीत दोन अक्षरं आहेत. ‘थो., मी’, ‘म., धा.’, ‘मी, ती’ अशी. थो. म्हणजे थोरले दीर, म. मधली नणंद, धा. म्हणजे धाकटा, माझा नवरा, इथवर आलो आहोत. पण यांचं काय? आई म्हणतात, ‘त्यांचं काहीतरी असेल.’ आणि दुसरीकडे बघतात.

---

मापात_पाप

आयुष्यभर प्रयोगशाळेत काचेची नळकांडी धुतली. असा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात.

आधी कप. पाणी झिरपतं ना, मग पाण्याने मापूच नका. मोहरी घ्या. मोहरीचे दाणे गोल आणि बारीक, कानाकोपऱ्यात नीट बसतात. कप मोहरीने भरा, पट्टीने वरचा भाग सपाट करा, आणि ती मोहरी मिलीच्या खुणा असलेल्या भांड्यात ओता. बाळाच्या औषधाचं माप, दुधाची बाटली, काहीही चालेल. तीनदा करा आणि सरासरी घ्या. टवका उडालाय तिथे आतून कागदाची पट्टी धरा. मोहरी नंतर टाकून द्या, जोडायला वापरलेला चिकट पदार्थ पोटात जाण्याच्या लायकीचा नसतो.

पण कप हातात नसता तरी हे कोडं सुटलं असतं, कारण या कृतीत एक गोष्ट अशी आहे जी कपात मोजलेली नाही. अंडी. मध्यम अंडं कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम भरतं. तीन अंडी म्हणजे १५० ग्रॅम. आणि या जातीच्या जुन्या केकचा हिशेब सगळीकडे तोच असतो: अंडी, साखर, लोणी, मैदा, चारही वजनाने जवळपास सारखे. आता उलट चाला. साखर १५० ग्रॅमच्या आसपास हवी. दाणेदार साखर १ मिलीला सुमारे ०.८५ ग्रॅम. म्हणजे कप १७५ ते १८० मिलीचा.

ताळा करून बघू. कप १८० धरला तर पाऊण कप लोणी १३५ मिली, वजन १२८ ग्रॅमच्या आसपास. दीड कप मैदा २७० मिली, हलक्या हाताने भरला तर १४० ग्रॅम. अंडी १५०, साखर १५३, लोणी १२८, मैदा १४०. जमलं की नाही?

तुमच्या २४० च्या कपाने काय झालं ते बघा. साखर २००, लोणी १७०, मैदा १९० च्या वर, आणि अंडी तीच १५०. मैदा वाढला, त्याला धरून ठेवणारं अंडं वाढलं नाही. चुरा होणारच. शिवाय तुमच्या डब्यात काठोकाठ १३०० मिली मावतं. तुमचं मिश्रण दोन तृतीयांशाच्या पुढे गेलं असणार, म्हणून ती छत्री.

आणखी एक. मैदा पिशवीत कप खुपसून भरता की चमच्याने सोडता? खुपसून भरलेल्या त्याच कपात वीसपंचवीस टक्के जास्त मैदा बसतो. वजनकाटा घ्या आणि सुखी व्हा.

क.तु.: ‘कप तुटला’. पुढे गुन्हेगाराचं नाव.

---

मंद_आच

@मापात_पाप, १४३ वेळा दोन दोन कप तोडले असतील तर ते घर नव्हे, चिनीमातीचा कारखाना म्हणायचा!

ओव्हनचं मी सांगते, मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. त्या गोल ओव्हनची आणि तुमच्या नव्याची तुलनाच करू नका. जुना लहान, बंद, आतली हवा स्थिर. केकमधून निघालेली वाफ आतच कोंडून राहायची, त्यामुळे वरचं कवच उशिरा सुकायचं आणि केकला फुगायला उसंत मिळायची. नव्यात पंखा गरम कोरडी हवा चारही बाजूंनी मारतो. कडा आणि वरचा भाग आधी घट्ट होतो, मध्य अजून पातळच. मग तो पातळ भाग उकळी फुटल्यासारखा मधूनच वर येतो.

तेव्हा पंखा चालू असेल तर २० अंश कमी, म्हणजे १६०. ४० मिनिटांचं विसरा. बाबांची ४० मिनिटं त्या कॉइलची आहेत, तुमच्या ओव्हनची नाहीत. ४५ नंतर विणायची सुई मधोमध टोचायची, ओलं मिश्रण चिकटलं नाही की झाला. खात्रीच हवी असेल तर टोचायचा थर्मामीटर, मध्यभागी ९६ ते ९८ अंश दिसले की बाहेर काढा. आणि ओव्हनच्या आत ठेवायचा एक वेगळा थर्मामीटर घ्या. ओव्हनचा काटा १८० दाखवतो आणि आत २०० असतात, हे मी स्वतःच्याच घरी पाहिलंय. काटा खरा मानून मी दोन वर्षं लोकांना कोरडे केक खाऊ घातले.

जुना टॉवेल फाडून डब्याच्या उंचीची पट्टी करा, ओली करून पिळा, फॉइलमध्ये गुंडाळा आणि डब्याभोवती बांधा. कडा थंड राहतात, केक सपाट फुगतो. तो लांबट डबा आहे म्हणून वर एक चीर तरीही पडेल, ती पडायचीच. बाबांनी चिरेला गुण दिलेत म्हणजे त्यांना ते कळत होतं.

‘वेळ घालवू नये’ हे मात्र जसंच्या तसं पाळा. बेकिंग पावडर ओली झाली की लगेच काम सुरू करते. हल्लीच्या पावडरी थोडं बळ आचेसाठी राखून ठेवतात, तरीही. आणि डबा जुना असेल तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर ठीक, नुसती विरघळली तर फेका. जाता जाता सांगते, १८४३ साली अल्फ्रेड बर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या औषधविक्याने बेकिंग पावडर तयार केली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नसे. अंडी चालत नाहीत म्हणून त्याआधी तिच्यासाठी बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं होतं. तुमच्या बाबांच्याच जातीचा माणूस दिसतो, फक्त तो वही न लिहिता ओट्याशी उभा राहिला.

आणि सासूबाईंबद्दल सल्ला हवाय? विचारू नका. त्यांच्यासमोर चुकीचं करा. माझ्या आजेसासूबाईंकडून मी एकही कृती विचारून शिकले नाही. शेजारी उभं राहून मुद्दाम घोळ घालायचा. ‘अगं अगं अगं’ ऐकू आलं की ती खरी कृती.

---

कागदकसर

वहीबद्दल. जुन्या कागदपत्रांच्या विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा जोरात सांगतो: लॅमिनेशन करू नका. उष्णतेने प्लास्टिक कागदात वितळून बसतं, ते पुन्हा काढता येत नाही, आणि कागदातलं आम्ल आत कोंडून राहतं. कागद आतल्या आत पिवळा होत जातो आणि तुम्ही बाहेरून फक्त बघत बसता.

तसंच ती पारदर्शक चिकटपट्टी. आज छान दिसते. काही वर्षांनी पट्टी गळून पडते, तिचा गोंद मात्र कागदात शिरून तपकिरी पट्टा सोडतो, शाईसकट.

लोण्याचे डाग काढायच्या भानगडीत पडू नका. पावडर, इस्त्री, स्पिरिट, काही नको. स्पिरिटने शाई पसरेल. तसंही त्या डागांवरून कृतीचं पान कोणतं हे कळतंच, राहू द्या की.

काय करायचं ते ऐका. टाचण्या, पिना, क्लिपा असतील तर हळूच काढा, त्या गंजतात. प्रत्येक पान रंगीत स्कॅन करा, किमान ३०० डीपीआय, जमलं तर ६००. ‘आपोआप उजळ करा’ ही सोय बंद ठेवा, नाहीतर पेन्सिलीची फिकट खूण आणि डाग यांत फरक राहत नाही. ओळी पुसट असतील तर दिवा एका बाजूने, अगदी तिरपा धरून फोटो काढा. पेनाचा दाब कागदावर राहिलेला असतो, सावलीत अक्षर उमटतं. बॉलपेनची शाई उजेडात उडते, पेन्सिल उडत नाही, म्हणून बाजूला काही लिहायचंच असेल तर पेन्सिलीने, आणि तेही मूळ वहीत नको.

मूळ वही आम्लरहित कागदात गुंडाळून खोक्यात आडवी ठेवा. माळ्यावर नको, स्वयंपाकघरात तर मुळीच नको. लोणी साखर लागलेली वही म्हणजे कसर आणि झुरळांना पंगतीचं आमंत्रण. आत्ताच कीड दिसत असेल तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कागदावर दव धरेल.

ओट्यावर छापील प्रत वापरा. तिच्यावर खुशाल लोणी सांडा.

क.तु. बद्दल: त्या रकान्यात कुठे तिसरं अक्षर आहे का? की कायम दोनच? कायम दोनच असतील तर ती मोजकी वस्तू आहे.

---

हातचं_राखून

थोडं वेगळं बोलतो, राग नसावा.

माझ्या वडिलांचा पाव होता. ते गेले, आणि मी सहा वर्षं तो पाव करायचा प्रयत्न केला. तेच पीठ, तोच डबा, त्यांच्या हाताचे मोजमापाचे कागद. पाव होतो. चांगला होतो. पण त्यांचा होत नाही. मग कळलं की त्यांचा पावही दर वेळी वेगळाच व्हायचा, आम्हाला आठवतो तो कुठलातरी एकच. बहुधा ज्या दिवशी भूक जास्त लागली होती तो.

त्यामुळे मिली आणि ग्रॅमच्या मागे फार लागू नका. शेरे वाचा, तीच खरी मेजवानी. ‘काही बोललो नाही’ ही ओळ मी बायकोला वाचून दाखवली. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

---

रविवारचा_ओटा

मंडळी, धन्यवाद. एकेक सांगते.

@हातचं_राखून, राग कसला. पण माझ्यात आणि तुमच्यात एक फरक आहे. ज्यांचा केक आहे त्या आमच्याकडे बाहेरच्या खोलीत बसून शब्दकोडं सोडवताहेत. आठवणीतल्या चवीशी मला झुंजायचंच नाहीये, मला ‘चूक’ म्हणून सांगणारा परीक्षक घरात हजर आहे. म्हणजे असं मला वाटत होतं.

मोहरीचा प्रयोग केला. नवरा, मुलगा आणि मी, तिघं ओट्याभोवती. तीनदा मापलं: २१६, २१४, २१५. नवरा म्हणाला, तुझे ते मापात पाप चुकले, कप २१५ चा आहे. मी म्हटलं बरं. मग @मंद_आच यांचं ऐकून आईंना स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसवलं आणि त्यांच्यासमोर २१५ ने सगळं मोजायला घेतलं. मुद्दाम थोडा घोळही घातला. अंडी थेट फ्रिजमधून काढून फोडली.

पहिलं ‘अगं अगं’ तिथे आलं. ‘गार अंडी लोण्यात घातलीस तर लोणी फाटेल, दही झाल्यासारखं.’ फाटलंच. मग मैदा घातल्यावर मी विजेच्या यंत्राने फेटायला लागले, तेव्हा उठून त्यांनी प्लगच काढला. ‘मैदा पडला की फेटणं बंद. आता नुसतं कालवायचं. रबर खायचंय का?’ लाकडी पळी हातात दिली. आणि दुधाचं ‘मागेल तेवढं’ काय असतं ते दाखवलं. पळीत मिश्रण घ्यायचं, पळी आडवी धरायची आणि मोजायचं: एक, दोन, तीन, आणि तीनला ते आपण होऊन पडलं पाहिजे. एकला पडलं तर पातळ. पाचपर्यंत लोंबकळत राहिलं तर अजून एक चमचा दूध. चाळीस वर्षं या बाई ‘डोळ्याला दिसेल तेवढं’ म्हणतात आणि मनात आकडे मोजतात!

केक १६० वर ५० मिनिटांत झाला. ओल्या पट्टीने खूप फरक पडला. तरी थोडा फुगवटा आलाच, आणि दुसऱ्या दिवशी जरासा कोरडा. आई खाऊन म्हणाल्या, ‘बरा आहे.’ मी विचारलं, मग कमी काय? तर थंडपणे: ‘कप रेघेपर्यंत भरायचा असतो. काठापर्यंत कोण भरतं? चहा तरी भरतो का आपण?’

निळी रेघ! ती बाहेरून आहे तशी आतूनही आहे, काठापासून अर्ध्या बोटावर. आम्ही तिघांनी कप जोडला, पुसला, मापला, फोटो काढले, आणि रेघ नक्षी समजलो.

‘मग तेव्हाच का नाही बोललात?’

‘मला वाटलं तुमची नवीन पद्धत असेल.’

पुन्हा मोहरी. रेघेपर्यंत १७५ मिली.

---

मापात_पाप

मी १७५ ते १८० लिहिलं होतं. वर जाऊन बघावे. तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा.

---

मंद_आच

प्लग काढला हे वाचून आजेसासूबाई आठवल्या. त्या गॅस बंद करायच्या, एक शब्द न बोलता.

बाकी त्या कपात परत काही खाऊ पिऊ नका हं. चिरांमध्ये घाण राहते आणि जुन्या चिनीमातीच्या रंगीत लेपात शिसंही असू शकतं. १७५ मिलीची खूण एखाद्या काचेच्या भांड्यावर करून घ्या, कप कपाटात. क.तु.चं काय झालं?

---

रविवारचा_ओटा

सुटलं! काल सुटलं.

काल १७५ ने केला. अंडी बाहेर काढून ठेवलेली, पळीवर तीन मोजलेले, पट्टी बांधलेली. चीर सरळ आली. डब्याच्या काठाबरोबर फुगला, वर एक बोटभर. आई काही बोलल्या नाहीत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला (वहीत त्याचा अर्थ काय ते माहीत आहे ना), पण त्या चष्मा शोधत होत्या.

सुरी लावली. मुलाने नेहमीप्रमाणे पहिला, टोकाचा तुकडा उचलला. तीन बाजूंनी खरपूस, कुरकुरीत, आमच्याकडे त्यावरून रोज युद्ध. आणि आई म्हणाल्या, ‘थांब रे, क.तु. कुणाचा ते आधी लिहा वहीत.’

कडेचा तुकडा.

लांबट केकला दोनच टोकं, मुलं तीन. भांडणं व्हायची. मग बाबांनी जाहीर केलं की आता रीतसर नोंद ठेवू, पाळीपाळीने मिळेल, कुणावर अन्याय नाही. ती वहीच मुळी त्यासाठी सुरू झाली! बाकीचे रकाने शोभेला. @कागदकसर, तुम्ही ‘मोजकी वस्तू’ म्हणालात तिथे आम्हाला कळायला हवं होतं.

नवरा भावुक झाला. म्हणाला, बाबा किती काटेकोर होते बघ, लहानपणी मला कधी वाटलं नाही की आपल्याला कमी मिळतं. मग त्याला काय सुचलं कोण जाणे, त्याने शेवटचा रकाना मोजायला घेतला. १४३ केक, २८६ कडेचे तुकडे, माणसं पाच. प्रत्येकाला सत्तावन्नच्या आसपास यायला हवेत.

थो. ५३. म. ५१. धा. ४९. ती १२. आणि ‘मी’ १२१.

नवरा वही हातात धरून बसला होता. मी आईंना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ‘म्हणजे काय. लिहायचे तेच, वाचायचे तेच.’ आणि तुम्हाला फक्त बारा? तर म्हणाल्या, ‘मला मधला आवडतो, मऊ. ते बारा त्यांनी नुसते माझ्या नावावर लिहिलेत, खाल्ले त्यांनीच.’

आत्ता नवरा फोनवर आहे. थोरले दीर आणि नणंद दोघंही जोडलेले आहेत, आवाज चढलेले आहेत, आणि थकबाकीचा हिशेब चालू आहे.